न मागितलेली दाद

लिपोवा, १२ सप्टेंबर

स्टेफा,

फोनवर मी वाक्य संपवायच्या आत तू "बरं, ठेवते" म्हणतेस, कारण तुझं कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं. म्हणून पुन्हा कागद. तुझी तब्येत बरी असेल, नसती तर तूच आधी कळवलं असतंस.

परवा लीगच्या सगळ्या कोचांना महामार्गावरच्या हॉटेलात बोलावलं होतं. अंडी थंड, कॉफी त्याहून थंड आणि नियम नवे. यंदापासून आमच्या ज्युनियर पोरांच्या लीगमध्येही कोचला चॅलेंज करता येणार. तुला बर्फावरच्या हॉकीतलं ओ की ठो कळत नाही, म्हणून सोपं करून सांगतो. समोरच्यांनी गोल केला आणि मला वाटलं की त्यांचा एखादा खेळाडू चकतीच्या आधीच आमच्या निळ्या रेघेच्या आत घुसला होता, म्हणजे ऑफसाइड होता, तर मी मुख्य पंचाला म्हणायचं, कॅमेऱ्यातलं चित्र पुन्हा बघा. तो चित्र बघणार. माझं बरोबर निघालं तर गोल रद्द. चूक निघालं तर गोल राहतो, वर माझा एक पोरगा दोन मिनिटं बाहेर बसतो आणि आमचे चौघं त्यांच्या पाचांशी खेळतात. तोंड उघडायची शिक्षा.

मी विरोधात हात वर केला. आणखी एकच हात वर होता, टॅमरॅकच्या कोचचा, आणि तो बहुतेक कॉफी मागत होता.

दुसरा बदल निळ्या रेघेचा. आजवर खेळाडूचा मागचा पाय रेघेवर टेकलेला असावा लागायचा. आता तो रेघेच्या वर हवेत असला तरी चालतो. मी पोरांना हे मोठ्याने वाचून दाखवलं. एकाने विचारलं, "कोच, किती वर?" मी म्हटलं, "छताला डोकं आपटेपर्यंत." तेवढ्यावर वर्ग संपला.

रोमा कशी आहे? लीगने तिला रेषापंच म्हणून घेतलं तेव्हा आम्हा दोघांकडून सही घेतली होती, ते तुला माहीत आहे. माझ्या संघाच्या सामन्याला तिला नेमायचं नाही आणि हंगाम चालू असताना आम्ही एकमेकांशी हॉकीबद्दल बोलायचं नाही. अट वाजवी आहे. पण तिची आई गेल्यापासून आम्ही बापलेक दुसरं काही बोलायचो का, ते मला आठवत नाही. मागच्या हंगामात ती फोन करून हवामान विचारायची. मी सांगायचो. मग फोन ठेवायचो. हळूहळू फोनही थांबला. ती तुझ्या तळघरात राहते, तुला रोज दिसते. जेवते का आणि बर्फावर कशी आहे, एवढं कळव. मी दुसरं विचारलं हे तिला सांगू नकोस.

वासिल

*

सॅस्कटून, ३ ऑक्टोबर

वासिल,

एवढं लांबलचक पत्र, त्यात माझ्या तब्येतीला एक ओळ, तीही टोमणा मारणारी. पोचलं.

रोमा जेवते. उभ्याने जेवते, पण जेवते. सकाळी धान्य तपासायच्या प्रयोगशाळेत जाते आणि संध्याकाळी ती भलीमोठी बॅग उचलून कुठल्या तरी गावाला. परत येते तेव्हा मी झोपलेली असते. सकाळी स्वयंपाकघरात ओले मोजे वाळत असतात, त्यावरून कळतं की पोरगी जिवंत आहे.

तळघरातल्या जमिनीवर तिने निळी चिकटपट्टी लावली आहे. मी म्हटलं, ही माझी फरशी आहे. ती म्हणाली, "तेता, ही रेघ आहे." सख्ख्या आत्याला रेघ शिकवते. मग कुठल्या कुठल्या सामन्यांची चित्रं लावते, आवाज बंद करून, आणि फक्त पाय बघते. अख्ख्या माणसात तिला पायच दिसतात. रविवारी फादर आमच्याशी बोलत होते तर ही त्यांच्या बुटांकडे टक लावून. त्यांना वाटलं बुटाला काही लागलंय. तेही बघायला लागले.

बर्फावर कशी आहे हे मला विचारू नकोस. मी जन्मात तीन सामने पाहिले, त्यातला एक बस बंद पडली म्हणून.

आता एक गोष्ट सांगते, जी तिने सांगू नको म्हटलंय. वरच्या लीगला येत्या वसंतात दोन नवे रेषापंच घ्यायचे आहेत. हॉगेन नावाचा त्यांचा निरीक्षक हिवाळाभर गावोगाव फिरून बघणार. नावं सहा आहेत, पाच पोरं आणि आपली रोमा. जमलं तर प्रयोगशाळा सोडेन म्हणते. एरवी तिला कशाची हौस म्हणून नाही, तुला माहीत आहे. नवा कोट घे म्हटलं तरी जुन्याची चेन बदलून आणते. पण या गोष्टीबद्दल बोलताना तिचा चेहरा बदलतो. तिची आई गेल्यापासून असा चेहरा मी पाहिला नव्हता. ती हे मनापासून मागते आहे, वासिल, आणि मला भीती वाटते.

तू विचारलं नाहीस तरी सांगते. मध्ये तिचा एक सोबती पंच घरी जेवायला आला होता. त्याने कोच लोकांना शिव्या घालायला सुरुवात केली, त्यात तुझंही नाव आलं. रोमा म्हणाली, "तो ओरडतो, पण खोटं ओरडत नाही." एवढंच. मग बटाटे पुढे केले.

गुरुवारी चर्चमध्ये पेरोगी करायला, पारीत बटाटा भरून मुडपायला, बसतो आम्ही बायका. तुझ्यासाठी काही गोठवून ठेवू का, का तू पुन्हा येतो म्हणून येणार नाहीस?

स्टेफा

*

लिपोवा, २८ नोव्हेंबर

स्टेफा,

पेरोगी ठेव. येईन.

आमच्या मैदानात पहिलं चॅलेंज झालं आणि ते मीच केलं. मत विरोधात दिलं तरी हत्यार हातात आल्यावर माणूस चालवून बघतोच. गोल करताना त्यांच्या एकाने आमच्या गोलरक्षकाला ढकललं असं मला वाटलं, आणि त्यावरही चॅलेंज चालतं. चित्र बघायचा पडदा कुठे ठेवायचा याचा विचार हॉटेलातल्या कुणीच केला नव्हता. आपल्याकडे वीज आणि कुलूप दोन्ही असलेली एकच जागा, स्केटची पाती घासायची खोली. पंच तिथे गेला. आत पायस होता. पायसला तू ओळखतेस, शाळेची बस चालवायचा तो. आता आमचा कॅमेरा तोच सांभाळतो. त्याने पंचाला आधी बसायला स्टूल दिलं, मग चष्मा हवा का विचारलं. बाहेर पोरं गारठली. लोकांनी मक्याच्या लाह्या दोनदा आणल्या. पंच बाहेर आला तेव्हा त्याच्या पँटला मागे वंगण लागलं होतं आणि निकाल माझ्या विरुद्ध होता. दोन मिनिटांच्या शिक्षेत आम्ही आणखी एक गोल खाल्ला.

दुसऱ्या दिवशी टपाल कचेरीत, पेट्रोल पंपावर, जिथे जाईन तिथे लोक हाताने पडद्याचा चौकोन काढून दाखवत होते. न्हाव्याने केस कापून झाल्यावर आरसा मागे धरला आणि विचारलं, "चॅलेंज करणार का?"

लॉर्न, आपला औषधवाला, यंदा क्लबचा अध्यक्ष आहे. त्याने मला दुकानात बाजूला घेतलं. खोकल्याच्या बाटल्यांपाशी उभं राहून म्हणाला, "दुसऱ्या फेरीच्या पुढे गेलो नाही, तर मंडळाला एखाद्या तरुण माणसाचा विचार करावा लागेल." मी म्हटलं, विचार कुठल्याही वयात करता येतो. त्याला ते आवडलं नाही. खरं सांगायचं तर त्याचं चूक नाही. एका बाकामागे एकाच माणसाने किती वर्षं उभं राहायचं? पण मला दुसरं काही येत नाही आणि या वयात शिकायची इच्छाही नाही.

हॉगेनबद्दल तू लिहिलंस ते मी वाचलं नाही असं समज. पण वाचलं. ती पोरगी लहान असताना मी सरावाला नेलं की गोल कुणी केला हे तिला आठवायचं नाही. "बाबा, त्या सात नंबरचा पाय आधी आत होता," एवढंच सांगायची. ती त्याच कामासाठी जन्मली आहे. हे तिला सांगायला मला सहीमुळे बंदी आहे आणि सही नव्हती तेव्हा सुचलं नाही.

वासिल

*

सॅस्कटून, ९ जानेवारी

वासिल,

नाताळ झाला. तुझं ताट मांडलं होतं, तुझ्या वाट्याच्या पेरोगी रोमाच्या त्या सोबत्याने खाल्ल्या. सामना होता म्हणतोस. बाळ येशूलाही तारीख बदलायला सांगायला हवी होती.

 रोमा भांडी पुसताना मला म्हणाली, "तेता, ढकललं होतं हे खरं. पण गोलरक्षक स्वतःची जागा सोडून बाहेर आला होता. चॅलेंज तिथेच हरलं." मी विचारलं, कुणाबद्दल बोलतेस? म्हणाली, "कुणाबद्दल नाही. हवामान कसं आहे म्हणत होते." म्हणजे बघते ती तुझे सामने. मी काही लिहिलेलं नाही आणि तू काही वाचलेलं नाहीस.

हॉगेन तिला दोनदा बघून गेला. दुसऱ्यांदा तिच्याशी हात मिळवला म्हणे. हात मिळवला म्हणजे काय, मला कळत नाही. तिलाही कळलं नाही, पण त्या दिवशी तिने बसून जेवण केलं.

स्टेफा

*

लिपोवा, २१ मार्च

स्टेफा,

हंगाम संपला. कसा संपला ते तुला दुसरं कुणी सांगण्याआधी मी सांगतो.

दुसरी फेरी, टॅमरॅकशी. तीन सामने त्यांचे, दोन आमचे. सहावा हरलो की घरी. वादळ इतकं होतं की धान्याचं कोठार समोर असून दिसत नव्हतं. नेमलेल्या रेषापंचाची गाडी खड्ड्यात गेली. माणूस धडधाकट, पण येणार कसा? रोमा आदल्या दिवशी शेजारच्या गावात सामना करून तिथल्याच लॉजवर अडकली होती. लीगने दोन्ही क्लबांना फोन केला. सामना पुढे ढकलायचा नसेल तर हीच एक जवळ आहे, चालेल का? टॅमरॅकचा कोच म्हणाला, "तुझ्यापेक्षा तुझ्या पोरीवर माझा जास्त भरवसा आहे." मीही हो म्हटलं. आणि तोच हॉगेन कुणा दुसऱ्याला बघायला आलेला, तोही वादळात अडकून आमच्याच मैदानात बसला, काळा कोट, सहावी रांग.

रोमा आमच्या बाकापुढून गेली, मान हलवली, जशी त्यांच्या बाकापुढे हलवली तशीच. मी तिला बर्फावर काम करताना प्रथमच इतक्या जवळून पाहत होतो. ती चांगली आहे, स्टेफा. पळत नाही, घाबरत नाही, जिथे असायला हवं तिथे आधीच असते.

शेवटची चार मिनिटं उरली होती, दोन-दोन बरोबरी. त्यांचा एक पोरगा चकती घेऊन आमच्या निळ्या रेघेवर आला, त्याच्या पुढे दुसरा. रोमाने दोन्ही हात आडवे पसरले. म्हणजे ऑफसाइड नाही, खेळ चालू द्या. दुसऱ्याच क्षणी गोल.

पायसने पडदा माझ्या नाकाखाली धरला. "बघ, वासिल, पाय बघ." मी पाहिला. त्या पुढच्या पोराचा मागचा पाय उचललेला होता. पातं आणि बर्फ यांच्यामध्ये उजेड दिसत होता. पायस म्हणत होता, "माग, माग, लगेच माग." पोरं बाकावरून माझ्याकडे वळून बघत होती. मुख्य पंच येऊन उभा राहिला आणि त्याने विचारलं, "कोच?"

मी रोमाकडे पाहिलं नाही. सहाव्या रांगेकडे पाहिलं. आणि म्हटलं, "नाही. खेळू या."

तीन-दोन हरलो. लॉर्नने दोनच दिवसांनी बोलावलं, या वेळी दुकानात नाही, घरी. बायकोने केक केला होता, त्यावरून कळलं.

ती चुकली होती. वीतभराने चुकली होती. मी मागितलं असतं तर साऱ्या गावासमोर, हॉगेनसमोर तिचा निर्णय फिरला असता आणि सहा नावांची पाच झाली असती. माझी नोकरी म्हाताऱ्या माणसाची नोकरी, आज ना उद्या जायचीच. तिची अजून सुरू व्हायची आहे. मला वाईट वाटतं ते फक्त माझ्या पोरांचं. हरायचं त्यांनी काही कबूल केलं नव्हतं. बाकी मी शांत झोपतो. बाप म्हणून तिच्यासाठी एवढं एकच हातात होतं.

तिला सांगू नकोस.

वासिल

*

सॅस्कटून, ३० मार्च

वासिल,

मी तिला सांगितलं. तुझं पत्र वाचून मी रडले आणि मला वाटलं, आपला बाप आपल्यासाठी काय सोडू शकतो हे पोरीला कळायला हवं. पत्रच तिच्या हातात दिलं. चुकलं असेल माझं.

तिने उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली आणि खाली गेली. वर आली ती हे घेऊन. यातच घालते. मी वाचलेलं नाही. खरं म्हणजे वाचलं.

स्टेफा

बाबा,

हंगाम संपला, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

मी चुकले नव्हते. पाय हवेत होता, पण रेघेच्या वर हवेत होता. यंदापासून ते चालतं. सप्टेंबरमध्ये हा नियम तुम्हा सगळ्या कोचांना वाचून दाखवला. तेता म्हणते तू तो पोरांनाही वाचून दाखवलास. मी हिवाळाभर तळघरात तेवढंच बघत बसले होते. त्या क्षणी त्या मैदानात तो पाय कुठे आहे हे मला सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं.

तू चॅलेंज केलं असतंस तर मुख्य पंच आत गेला असता आणि बाहेर येऊन म्हणाला असता, रेषापंच बरोबर. हॉगेनसमोर. तुला दोन मिनिटांची शिक्षा झाली असती, तू हरलास तसाच हरला असतास. मला एवढंच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी हॉगेन मला भेटला. त्याने चित्र पाहिलं होतं. म्हणाला, निर्णय अचूक होता. मग म्हणाला, "पण वासिल प्रिस्तुपा संशयाचा गोल सोडत नाही हे सगळ्या प्रांताला माहीत आहे. त्याने तुझा सोडला. जिच्यापुढे कोच गप्प बसतात, तिची कसोटीच होत नाही; तिला मी यंदा वर पाठवू शकत नाही." माझं नाव वर्षभर मागे ठेवलंय. ज्याला बघायला तो खरा आला होता, त्याला घेतलं.

तू एवढ्या पंचांवर ओरडलास. कित्येकांना त्यांच्या तोंडावर चूक म्हणालास आणि तेच लोक तुझ्याबद्दल आदराने बोलतात. मीही बोलायचे. मला चूक समजलास याचा राग नाही. चूक समजून गप्प बसलास, याचा आहे. तू मला पंच मानलं नाहीस. पोरगी मानलंस.

रोमा

*

लिपोवा, १८ एप्रिल

रोमा,

मी चित्र पुन्हा पाहिलं. पायसकडे गेलो, तो जेवत होता, त्याला उठवलं. पाय रेघेच्या वर आहे. तू बरोबर होतीस.

नियम मी वाचला होता, विसरलो नव्हतो. पण डोळा जुन्याच नियमाने बघतो. पातं आणि बर्फ यांच्यात उजेड दिसला की माझ्या आत शिट्टी वाजते, तिला सप्टेंबरची बैठक ठाऊक नाही. हे कारण सांगत नाही, झालं ते सांगतो.

तिथे कुणी अनोळखी पोर असतं तर मी मागितलंच असतं आणि तोंडघशी पडलो असतो. ते पोर आज वरच्या लीगमध्ये असतं. हे मला तुझ्या पत्रानंतर कळलं. त्या आधी मी स्वतःवर फार खूश होतो.

हॉगेनला पत्र लिहू का? तू नको म्हणशील असं वाटतं, म्हणून लिहिलेलं नाही. मला वाईट वाटतं, रोमा.

बाबा

*

बर्च पोर्टेज, मॅनिटोबा, २२ ऑगस्ट

स्टेफा,

पत्ता बदलला आहे, लिहून घे. इथल्या संघाला कोच हवा होता आणि माझ्याइतक्या पगारात दुसरा कुणी आला नाही. पोरं भली आहेत. मागच्या वर्षी सगळ्यात खाली होती, त्यामुळे माझ्याने काही बिघडायची भीती नाही. ज्या बाईकडे खोली घेतली ती मुळ्याचं लोणचं करते आणि मला प्रत्येक जेवणाला वाढते.

रोमाने उत्तर दिलं नाही. दोनदा फोन केला, तिने उचलला, हवामान सांगितलं. तू लिहितेस की माझं पत्र तिने फ्रिजवर टोमॅटोच्या डब्याखाली ठेवलंय. फेकलं नाही, एवढ्यावर मी चार महिने काढले.

आता ऐक. नऊ सप्टेंबरला आमचा सॅस्कटूनमध्ये सराव-सामना आहे, तुमच्या प्रांतातल्या एका संघाशी. पंचांच्या यादीत रोमाचं नाव आहे. मी आता दुसऱ्या प्रांतात, त्यामुळे जुनी सही लागू नाही, तरी आयोजकांनी सगळ्यांना विचारलं. मी हो म्हटलं. तिचं नाव यादीत आहे त्या अर्थी तिनेही म्हटलं असेल. हॉगेन येणार आहे. या वर्षीची त्याची पहिली फेरी. सराव-सामन्याचा निकाल कुणी लिहूनही ठेवत नाही, पण तिच्यासाठी त्या दिवशी बरंच काही ठरेल.

तू येशील का? तू असलीस तर सामन्यानंतर कुणाशी बोलायचं हा प्रश्न उरणार नाही.

वासिल

*

सॅस्कटून, ९ सप्टेंबर, जेवणानंतर

वासिल,

सामना संपल्यावर तू हात वर करून मला थांब म्हणालास आणि मी न थांबता निघून आले. आता का ते ऐक. तोंडावर बोलले असते तर लोकांनी ऐकलं असतं.

मी चौथा सामना पाहिला आयुष्यातला, आणि शेवटचा. तुझी पोरं हरत होती, चार-एक की पाच-एक. कुणाला काही पडलेलं नव्हतं. माझ्या शेजारची बाई स्वेटर विणत होती. मी फक्त रोमाकडे बघत होते आणि त्या काळ्या कोटाकडे. पोरगी छान चालली होती. त्यांनी आणखी एक गोल केला, रोमाने हात आडवे केले, लोकांनी टाळ्याही धड वाजवल्या नाहीत. संपलं होतं. आणि तू बाकावरून पंचाला बोलावलंस.

कशासाठी, वासिल? हरलेला सामना, तोही सरावाचा. शेजारची बाई विणायचं थांबली. पंच आणि रोमा त्या पडद्यापाशी गेले, एक कानाला यंत्र लावून, एक खाली वाकून. परत आले. पंचाने गोल रद्द केला आणि सगळ्या मैदानाने रोमाची हुर्यो उडवली. मागून कुणीतरी म्हणालं, "सख्खा बाप आहे म्हणे." दुसरा म्हणाला, "मग वैरी कसा असतो?" मी मागे वळून बघितलं नाही, कारण मलाही तेच म्हणायचं होतं.

मार्चमध्ये तुझं सगळं पणाला लागलं होतं तेव्हा तू तोंड उघडलं नाहीस आणि पोरीचं वर्ष घालवलंस. आज तुझं काहीही जाणार नव्हतं तेव्हा उघडलंस आणि दुसरं घालवतोयस. त्या माणसाने खाली मान घालून काहीतरी लिहिलं. मी पाहिलं. तुला ती बिनचूक असली तरी खपत नाही आणि चुकली तरी खपत नाही का? आईने तुला लाडावलं, मी सांगत होते. पेरोगी आणल्या होत्या तुझ्यासाठी डब्यात. परत आणल्या.

१० सप्टेंबर, सकाळ

पाकीट चिकटवलं नव्हतं, म्हणून पुढे लिहिते.

रोमा आत्ता वर आली. तुझा डबा फ्रिजमधून काढला आणि गार पेरोगी उभ्याने खायला लागली. मी घाबरत विचारलं, "काल फार झालं का गं?" ती म्हणाली, "हातभर ऑफसाइड होता तो, तेता. पाय रेघेवर नव्हता, रेघेच्या वर नव्हता, कुठेच नव्हता. मी चकतीकडे बघत राहिले." आणि हसली. मी म्हटलं, हसतेस काय, त्या हॉगेनने लिहून घेतलं ना? म्हणाली, "घेतलं. नंतर खोलीत येऊन विचारलं, कोचबद्दल काही तक्रार आहे का? मी म्हटलं, नाही, तो बरोबर होता, मी चुकले. मग त्याने पुढच्या महिन्यात कुठे कुठे काम करतेस ते विचारलं." ते चांगलं की वाईट, मी विचारलं. तिला माहीत नाही.

मग चमचा धुता धुता, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "बाबांनी चॅलेंज मागितलं, तेता. माझ्यावर. पाच-एकला."

मला अजूनही काही कळलेलं नाही. तुमचा खेळ तुम्हाला लखलाभ. पण ती फोन घेऊन खाली गेली त्याला आता बराच वेळ झाला. कुणाला करतेस विचारलं तर म्हणाली, "बाबांना." गरम हवेच्या जाळीतून आवाज वर येतोय. भांडते आहे तुझ्याशी, कुठल्या तरी सात नंबरच्या पायावरून, आणि मधूनच हसते आहे. हवामानाचा शब्दही ऐकला नाही.

हे पत्र पोचेल तेव्हा तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. तरी टाकते. वरच्या शिव्या मी मनापासून दिल्या आहेत, त्या वाया जायला नकोत.

स्टेफा